मध्यरात्रीची धावपळ आठवडाभर आधीच सुरू झालेली असते

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत नेलं, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पायाला सूज कधीपासून आहे?" मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "गणपती गेल्यापासनं." गणपती जाऊन अकरा दिवस झाले होते.

त्या अकरा दिवसांत घरात सगळं दिसत होतं. चप्पल घट्ट व्हायला लागली होती. एका उशीच्या दोन झाल्या होत्या, मग तीन. आई रोज रात्री मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून शेकत होती. कुणी काही लपवलं नव्हतं की हयगय केली नव्हती. पण यातलं काय कुणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हेच घरात ठरलेलं नव्हतं. बाराव्या रात्री श्वास पुरेना झाला, गाडी शोधली, वाईहून साताऱ्याला पोचलो आणि चार दिवस आयसीयूत काढले.

गेल्या तीन वर्षांत आम्ही जे ठरवलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. खरी इमर्जन्सी आली तर एक मिनिटही वाया जाऊ नये, आणि जिची इमर्जन्सी व्हायचं कारण नव्हतं ती गोष्ट मंगळवारी सकाळी अकराच्या ओपीडीतच मिटावी, एवढं साधायचं आहे. त्याने पेशंटचे हाल वाचतात, खर्च वाचतो, आणि ज्याला त्या रात्री खरोखर गरज आहे त्याच्यासाठी कॅज्युअल्टीतली खाट आणि डॉक्टरांचा वेळ मोकळा राहतो. लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाचे आकडे त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

१. मागची दोन वर्षं उलगडून बघा

एक वही घ्या. दोन वर्षांत घरातल्या कुणाला किती वेळा अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, ते लिहा. प्रत्येक वेळेपुढे दोन ओळी: काय झालं होतं, आणि त्याआधीच्या आठवड्यात काय दिसत होतं. जे सोबत राहतात त्यांना विचारा. आमच्याकडे उत्तरं आईकडे होती आणि आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या वहीत पाच नोंदी निघाल्या. पहिली ही पाय सुजण्याची. दुसरी आषाढी एकादशीची: अण्णांनी उपास केला, पण साखरेची गोळी नेहमीसारखीच घेतली आणि दुपारी घाम फुटून कोसळले. तिसऱ्या वेळी रात्री बाथरूममध्ये घसरून खुब्याला मार लागला. चौथ्या वेळी ते अचानक बरळायला लागले. आम्हाला वाटलं पॅरालिसिस, निघालं लघवीचं इन्फेक्शन. वयस्कर माणसांत ते पुष्कळदा जळजळीऐवजी गोंधळलेपणानेच दिसतं, आणि दोन दिवस आधीपासून ते जेवत नव्हते. पाचवी खेप उगाच पडली. बीपी मशीनवर १७० आकडा दिसला म्हणून आम्ही घाबरून नेलं, तिथे अर्धा तास बसवून घरी पाठवलं.

पाचातल्या चार वेळा आधीच टळल्या किंवा दिवसाउजेडी निभावल्या असत्या. अचानक बरळणं मात्र थांबून बघण्यातलं नाही, तेव्हा लगेच नेलं ते योग्यच झालं. तरी त्या दोन दिवसांच्या न जेवण्यावर एक फोन व्हायला हवा होता. तुमची यादी वेगळी निघेल आणि पुढचं सगळं नियोजन त्या यादीवरून करायचं आहे, म्हणून ही पायरी गाळू नका.

२. एका पानात माणूस मांडा

रात्रीच्या डॉक्टरांना पेशंट पहिल्यांदाच दिसत असतो. घरच्यांना "बीपीची पांढरी गोळी" एवढंच आठवतं. म्हणून एक पान तयार ठेवा: नाव, वय, कोणते आजार कधीपासून, झालेली ऑपरेशनं, स्टेंट असेल तर कधी घातली, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि चालू औषधांची नावं, डोस, वेळ. औषधाचं ब्रँडचं नाव आणि आतला घटक, दोन्ही लिहा. खाली शेवटची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), इको (हृदयाची सोनोग्राफी) केला असेल तर त्यातला हृदयाच्या पंपिंगचा आकडा, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर.

पानामागे शेवटच्या ईसीजीची झेरॉक्स लावा. ईसीजीतला बदल नवा आहे की जुनाच, हे जुना कागद हाताशी असला की डॉक्टरांना लगेच ताडून पाहता येतं. ईसीजीचा मूळ कागद उष्णतेने पुसट होतो, त्यामुळे झेरॉक्सच टिकते. रेशनकार्ड आणि आधारची प्रतही त्याच फाइलीत. पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पिन करा. औषध बदललं की त्याच दिवशी पान बदलायचं. जुनं पान घरात राहिलं तर तेच घाईत हाताला लागतं.

३. डॉक्टरांकडून "केव्हा" विचारून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढच्या तपासणीला जाताना आजार कसा आहे एवढंच विचारून परत येऊ नका. विचारा: "कशावर आम्ही फक्त लक्ष ठेवायचं, कशावर त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा, आणि कशावर कुणालाही न विचारता निघायचं?" आमच्या डॉक्टरबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे तीन रकाने आखून दिले. ते फ्रीजवर चिकटवलेले आहेत.

हृदय कमजोर असेल तर वजनकाटा हे सर्वांत स्वस्त यंत्र. रोज सकाळी, लघवी करून, काही खाण्यापूर्वी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढलं तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. त्याच दिवशी फोन. पुष्कळदा लघवीच्या गोळीचा डोस थोडे दिवस बदलून भागतं. पाय सुजायच्या आधी काटा सांगतो, म्हणून तो महत्त्वाचा. उशा वाढवाव्या लागणं, रात्री खोकल्याने उठून बसणं, हेही त्याच रकान्यात. आणि मीठ: आमच्याकडे जेवणातलं मीठ कमी केलं होतं, पण पापड, लोणचं, खारातली मिरची आणि फरसाण हिशेबात धरलंच नव्हतं. गणपतीच्या दहा दिवसांत नेमकं तेच ताटात होतं.

मधुमेहात साखर जास्त होण्याची भीती सगळ्यांना असते, पण धावपळ करायला लावते ती पुष्कळदा उतरलेली साखर. घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं दिसलं की ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग भाकरी, पोळी, दूध असं काहीतरी खाऊ घाला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचंच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर, गूळ, पाणी काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपासाचं आधी ठरवा. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे यांच्या तारखा वर्षभर आधी कळतात. त्या दिवशी कोणती गोळी निम्मी, कोणती बंद, इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून लिहून आणा. "उपास करू नका" म्हटलं की अण्णा डॉक्टरांना न सांगता करायचे. आता गोळीचं ठरवून करतात. उलट्या, जुलाब, ताप अशा दिवसांचंही असंच लिहून घ्या. जेवण नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करणं धोक्याचं असतं, आणि लघवीच्या काही गोळ्या, बीपीच्या व साखरेच्या काही गोळ्या मात्र अशा दिवशी तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या, ते डॉक्टरच सांगतील.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. नुकताच चहा घेतलेला नको, बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अशक्त हात-पाय, अंधारी, प्रचंड डोकेदुखी यातलं काही असेल तर लगेच निघा. यातलं काहीच नसेल तर विश्रांती, पुन्हा मोजणी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शेजाऱ्याची बीपीची गोळी फोडून जिभेखाली ठेवण्याचा प्रकार अजून चालतो. बीपी एकदम कोसळून त्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो करू नका.

दम्याच्या माणसाकडे बहुतेक वेळा दोन पंप असतात, एक रोजचा आणि एक तातडीचा. रोजचा पंप बरं वाटलं की सुटतो आणि तातडीचा संपलेला असतो. पंपावर कोणता कशाचा हे मोठ्या अक्षरात लिहा. ओढायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. तातडीचा पंप एरवीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, की तोच "आज फोन करा"चा इशारा.

४. औषधं संपण्याआधी आणा

अण्णांच्या गोळ्या एकदा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी संपल्या. दुकान उघडं होतं, पण नेमका तो डोस नव्हता. तेव्हापासून घरात किमान सात दिवसांचा साठा शिल्लक असताना पुढचा महिना भरतो. सणासुदीला आणि गावाला जाताना दोन आठवड्यांचा. सोमवार ते रविवार खणांची डबी भरायचं काम वहिनी रविवारी करते, त्यामुळे चुकलेली गोळी डोळ्यांना दिसते. खर्चामुळे गोळ्या अर्ध्यावर येत असतील तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात तोच घटक बऱ्याच कमी किमतीत मिळतो.

अंगदुखीच्या गोळ्यांविषयी कळकळीने सांगतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानात सहज मिळतात आणि गुडघे दुखले की कुणीही आणून देतं. कमजोर हृदयाच्या माणसाच्या अंगात त्या पाणी साठवतात, आणि मूत्रपिंड नाजूक असेल तर ते आणखी बिघडवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. काय मिसळलं आहे ते माहीत नसलेली चूर्णंही नकोत.

भारनियमनात इन्सुलिनची काळजी घ्या. फ्रीज बंद राहणार असेल तर कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून मातीच्या भांड्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, सावलीत ठेवा. ती गोठू मात्र देऊ नका.

५. बाथरूमपासून सुरुवात करा

पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्री एकदा स्वतः चालून बघा, दिवा न लावता. मग कळतं काय अडतं ते. आम्ही रात्रभर जळणारा छोटा दिवा, पकडायला दोन स्टीलचे बार, रबरी चटई आणि मागे पट्टा असलेली चप्पल एवढंच केलं. रात्रीची लघवीची गोळी सकाळवर आणली, अर्थात डॉक्टरांना विचारून, आणि रात्रीचं उठणंच कमी झालं.

६. कॅलेंडरवर खुणा करा

कालनिर्णयावर सण असतात, त्याच्याच शेजारी आजारपणाच्या खुणा करा. आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात जोर धरते, म्हणून वयस्कर आणि दमेकऱ्यांची फ्लूची लस मे अखेरपर्यंत घेऊन टाका. न्यूमोनियाच्या लशीचंही तेव्हाच विचारा. वैशाखातल्या उन्हाळ्यात लघवीच्या गोळ्यांचा डोस पुन्हा विचारून घ्यायचा. दिवाळीत फटाक्यांच्या धुराआधी पंप तपासायचे. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर बदलायची तारीख लाल पेनने, कारण तुंबलेला कॅथेटर नेमका रात्री त्रास देतो. डायलिसिसवरच्या माणसाला लग्नाला गावी न्यायचं असेल तर तिथल्या डायलिसिसची वेळ पत्रिका हातात पडली तेव्हाच पक्की करा. एक डायलिसिस चुकलं तर अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही वाढतात.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक असतो. डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन, गाडीत बसण्याआधी, विचारा: जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद? नव्या किती दिवस? काय झालं तर परत यायचं? आणि आठवड्याच्या आतली तपासणीची तारीख तिथेच घ्या. आमच्याकडे एकदा जुनी आणि नवी, एकाच घटकाच्या दोन गोळ्या चार दिवस चालू राहिल्या होत्या.

७. कुठे जायचं, ते दिवसा जाऊन बघा

एखाद्या मोकळ्या शनिवारी हे करा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती वाजेपर्यंत उघडं, ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतात का, सीटी स्कॅन चोवीस तास कुठे चालतो, अँजिओप्लास्टी कुठे होते. पॅरालिसिसच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते देण्याआधी सीटी करावाच लागतो. सीटी नसलेल्या ठिकाणी आधी नेलं तर हाच वेळ जातो.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर गावाचं नाव, जवळची खूण आणि रस्ता सांगायला लागतो. तो मजकूर फोनजवळ लिहून ठेवा, घाबरल्यावर स्वतःच्या गल्लीचं नाव आठवत नाही. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. साध्या त्रासासाठी ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं, आणि मन फार अस्वस्थ असेल तर टेली-मानसचा १४४१६.

पैशांचं नियोजनही इथेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती हॉस्पिटलं बसतात ते आधी पाहा, चौकशीसाठी १५५३८८ आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड २०२४ च्या अखेरीपासून मिळतं. ते ॲडमिट झाल्यावर काढायची धडपड करण्यापेक्षा आज काढा.

८. इथे कुणालाही विचारत बसू नका

छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत घाम. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, बोलणं अडखळणं. ओळीने वाक्य बोलता येऊ नये इतकी धाप. आकडी, शुद्ध हरपणं, अचानक बरळायला लागणं. थांबत नसलेला रक्तस्राव, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच. साप चावणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. जुलाब होणारं मूल सुस्त पडणं, पाणीही न पिणं. गरोदरपणात रक्त जाणं, प्रचंड डोकेदुखी, बाळाची हालचाल कमी होणं. विष किंवा जास्त गोळ्या घेतल्याचा संशय.

यातलं काहीही दिसलं की निघायचं. ॲसिडिटी असेल, उजाडल्यावर बघू, डॉक्टरांना फोन लागेना, अशा गोष्टींत आमच्या ओळखीतली माणसं गेली आहेत. वरचं सगळं नियोजन या क्षणी पाय मोकळे असावेत म्हणून केलेलं असतं.

९. अवघड बोलणं शुद्धीत असताना करा

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर वारंवार आयसीयू हा पेशंटला हवा असलेला मार्ग आहे का, हे त्यालाच विचारायला हवं. आम्ही दोन वर्षं टाळलं. शेवटी अण्णांनीच दिवाळीच्या पाडव्याला विषय काढला. पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार हवे आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, ते वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. अण्णांनी तालुक्याच्या नोटरीकडे जाऊन ते केलं. त्यांना ऑक्सिजन, दुखणं थांबवणारी औषधं, अँटिबायोटिक हवं आहे. आशा उरली नसताना व्हेंटिलेटर नको आहे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणारी देखभाल. ती म्हणजे उपचार सोडून देणं, हा समज मनातून काढा. दुखणं, धाप, बद्धकोष्ठ, झोप यांची घरच्या घरी नीट काळजी घेतली की रात्रीच्या धावपळीची बरीचशी कारणं मिटतात. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कॅन्सर पेशंटसाठी सिप्लाचं केंद्र हे काम करतं आहे. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पॅलिएटिव्ह कक्ष आहे का, हेही विचारा.

१०. लांब राहणाऱ्यांसाठी

मी पुण्यात असतो, धाकटी बहीण शारजात. आईवडील गावी. आमच्यासारखी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आम्ही कामं वाटून घेतली. वजनाचा आणि साखरेचा आकडा वहिनी सकाळी ग्रुपवर टाकते, बहीण तो पाहून आठवड्याचा तक्ता ठेवते, डॉक्टरबाईंना फोन करायचं काम माझं. आकडा नऊपर्यंत आला नाही तर मी घरी फोन करतो. शेजारच्या शिंदेकाकांकडे घराची दुसरी किल्ली आहे, आणि आतली कडी रात्री लावायची नाही असं आईने कबूल केलं आहे. मागच्या महिन्यात लाकडी दिंडी-दरवाजाची रुंदी मोजली, त्यातून स्ट्रेचर जात नव्हतं. मोठ्या दाराच्या बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. सुताराला बोलावून ते दार पुन्हा उघडतं करून घेतलं.